रेडिओवरचा अविश्वास ठराव

चौसाळ्याचे सुंदरराव सरकारी रेडिओ केंद्राच्या सल्लागार समितीवर गेले, तेव्हा ही समिती करते तरी काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हायवेवर फ्लेक्स लागला, सत्कार झाला. सत्काराच्या भरात सुंदररावांनी शब्द देऊन टाकला की नारायणगडाच्या यात्रेदिवशी आपल्या मंडळींचं, छबुबाईंचं भजन रेडिओवर लागणार. छबुबाईंचा गळा खरंच गोड होता. रेडिओवर गायची त्यांना लहानपणापासून हौस. त्यांनी त्या दिवसापासून ताक सोडलं.

गावच्या सोसायटीचा कारभार करण्यात सुंदररावांची हयात गेली होती. ठराव मांडायचा, हात वर करायचे, विषय संपला. तसाच ठराव खिशात घालून ते पहिल्या बैठकीला गेले.

केंद्रप्रमुख सत्यशीला मॅडमनी तो शांतपणे ऐकून घेतला. "समिती फक्त सल्ला देते, सुंदरराव. आवाजाची चाचणी झाल्याशिवाय कुणालाच गायला बसवता येत नाही."

"मग तुमी द्या की सोडून. केंद्र तुमचंच हाय न्हवं?"

"नियम माझे नाहीत. मला मुंबईला विचारावं लागतं. मुंबई दिल्लीला विचारते."

"आन् दिल्ली?"

"महामंडळाला."

"त्ये कुणाला इचारतंय?"

"ते स्वायत्त आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे ते मंत्रालयाला विचारतं."

सुंदररावांचं टाळकं सरकलं. त्यांनी मॅडमवर अविश्वास आणायचं ठरवलं. समितीत आणखी एक निवृत्त मास्तर आणि एक डॉक्टरीणबाई होत्या. ते फुटू नयेत म्हणून रीतीप्रमाणे त्यांना सहलीला नेलं, पाटोद्याला मेव्हण्याच्या शेतावर. फुटायचं कुठं हे दोघांनाही कळेना, पण वांग्याचं भरीत लई झकास होतं. ठराव पास झाला. मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. सल्ला म्हणून वर पाठवते."

इकडे छबुबाई वाट बघून कंटाळल्या. शेजारच्या बायडाबाईला सोबत घेऊन एसटीनं केंद्रावर गेल्या, अर्ज भरला, चाचणी दिली आणि पास होऊन आल्या.

सुंदररावांना आभाळ ठेंगणं झालं. पेढे घेऊन ते मॅडमकडे गेले. मॅडमनी पेढा घेतला नाही.

"बाईंचा आवाज उत्तम आहे. पण समितीच्या सदस्याच्या घरच्यांना कार्यक्रम देता येत नाही."

सुंदररावांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधला. ज्या पदापायी बायकोला शब्द दिला, तेच पद तिच्या आडवं आलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"मग राजीनामा देतो म्या."

"तो दिल्लीत मंजूर व्हावा लागतो. तोवर यात्रा होऊन जाईल."

"कावून पण? इथं काईच ठरत न्हाई का?"

मॅडम जरा विचारात पडल्या. "एक आहे. सदस्याला काढून टाकायचं असेल, तर समिती इथंच ठरवू शकते. तेवढाच अधिकार तिला आहे."

त्याच आठवड्यात मास्तर आणि डॉक्टरीणबाई पुन्हा पाटोद्याला गेले. या खेपेला दोघं अडून बसले. असा सदस्य पुन्हा मिळायचा नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. सुंदररावांना त्यांच्या अक्षरशः हातापाया पडावं लागलं.

बैठकीहून ते घरी आले, तेव्हा छबुबाई दारातच उभ्या होत्या.

"काढलं का वं तुमाला?"

"एकमतानं," सुंदरराव ताठ मानेनं म्हणाले. "पयला हात म्याच वर केलता."