शिवरामपंतांचे आवाजाची हकीकत

श्रीशारदेचे चरणीं मस्तक ठेवून वर्तमान लिहिलें ऐसीजे. शके एकोणीसशें त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सर, माघमास. एके राज्यीं शिवरामपंत नाखरे म्हणोन गृहस्थ होते, त्यांणीं एसटी स्थानकीं गाड्या पुकारावयाचें काम तीस वर्षें केलें, आवाज ऐसा कीं ऐकोन उतारू चहा टाकून पळत यावे. मग कंठास रोग जाहला आणि वैद्यांनीं प्राण राखावयास स्वरयंत्र कापून काढिलें आणि आवाज गेला, तरी रोग पुढें पसरलाच आणि पंत इस्पितळीं पडले. कन्या इंदुमतीबाई संगणकाचे कामांत निष्णात, त्यांणीं जुन्या पुकारण्यांच्या ध्वनिफिती मिळवून प्रोग्राम सिद्ध केला, कीं पंतांनीं अक्षरें लिहावीं आणि यंत्रानें त्यांचेच आवाजांत बोलावें. घरचे लिनक्स संगणकावर उत्तम बोलिलें. मग हर्षें इस्पितळचे लिनक्स संगणकावर चढविलें, तों यंत्र उत्तर देतें जे, "लायब्ररी सांपडत नाहीं." बाईंनीं शोध केला. आवाजाचें सारें सामान वेगळे लायब्ररींत, म्हणजे प्रोग्रामास लागणारे जोड-फायलींत, होतें, आणि तिचा पत्ता प्रोग्रामांत बाईंचे घरच्या संगणकाचा, त्यांचेच नांवाचे फोल्डरचा, मुळापासोन लिहिला होता. तें फोल्डर येथें कोठून असावें? पंतांनीं पाटीवर लिहिलें, "राहू दे. बैस." बाई म्हणाल्या, "बाबा, आज दुरुस्त करते, उद्या आणते. मग पोटभर बोला." पंतांनीं हात धरिला होता, तो सोडवून त्या घरीं गेल्या. आणि लायब्ररी प्रोग्रामाशेजारीं ठेविली आणि प्रोग्रामास शिकविलें कीं, पूर्ण पत्ता धरूं नये, आपण जेथें असूं तेथूनच शेजारीं पाहावें. मग शेजाऱ्यांचे संगणकावर नेऊन पाहिलें, तेथेंही बोलिलें. दुसरे दिवशीं दोन प्रहरीं इस्पितळीं पावल्या, तों खाट रिकामी. पंत सकाळींच कैलासवासी जाहले होते. इस्पितळवाल्यांनीं निरोप द्यावयास फोन केला, तो बाईंनीं कामाचे नादांत घेतला नव्हता.

मंजुळाबाई म्हणोन परिचारिका होती, ती म्हणाली, "ताई, काल तुम्ही गेल्यावर काका कितीतरी वेळ इथल्या संगणकावर टाइप करत होते. मी पुसू दिलं नाही कुणाला." बाईंनीं प्रोग्राम चढविला आणि तीं अक्षरें त्यास दिलीं. स्थानकीं घुमे तोच आवाज खोलींत उठला, "इंदू, मला बोलायचं काहीच नव्हतं गं. तू बोलावंस आणि मी ऐकावं, एवढंच होतं."

बाई खाटेचे कडेस बैसल्या आणि बोलों लागल्या.

पुढें तो प्रोग्राम त्यांणीं इस्पितळास दिधला, आणि हल्लीं तो राज्यांतील कोणतेही लिनक्स संगणकीं चालतो आणि कंठ गेलेले कित्येक लोक आपल्या जुन्या ध्वनिफिती त्यास देऊन घरच्यांशीं आपलेच आवाजांत बोलतात. हकीकत इतकीच, लिहिणारास याहून अधिक लिहवत नाहीं.