पूर्ववत

फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा भाऊसाहेबांच्या आयुष्याचा पहिला नियम. खाडाखोड करायची नाही, हा दुसरा. या दोन नियमांवर त्यांनी नोंदणी खात्यात छत्तीस वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून मानानं निवृत्त झाले, आणि त्याच दोन नियमांनी त्यांना म्हातारपणी हॉस्पिटलात अडकवून ठेवलं.

मांडीचं हाड कसं मोडलं, ते भाऊसाहेब कुणाला पुरतं सांगत नसत. "स्टुलावरून पडलो," एवढंच. खरी हकिगत अशी, की त्या दिवशी पडदा लावायला स्टुलावर चढली होती त्यांची बायको. "अगं, असं नाही चढत. उतर खाली. स्टुलावर सुरक्षित कसं चढायचं, ते मी दाखवतो," असं म्हणून भाऊसाहेब स्वतः चढले. पुढचा भाग हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर दाखवला. हाडात सळई बसली, टाके निघाले आणि त्यांची रवानगी पुनर्वसन वॉर्डात झाली. उठणं-बसणं, चालणं, जिना असं सगळं पुन्हा शिकवून इथून माणसाला घरी धाडतात.

पहिल्याच दिवशी थेरपिस्ट मॅडम फॉर्म घेऊन आल्या. वयानं अगदीच पोरसवदा, पण हातात पॅड आणि पेन.

"काका, मी विचारते, तुम्ही सांगा. मी लिहून घेते."

"द्या इकडे. ज्याचा फॉर्म त्यानं भरावा. असे लाखभर गेलेत माझ्या हाताखालून."

फॉर्मवर लिहिलं होतं, 'आजारापूर्वीची दैनंदिन कामे'. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: 'नेहमी', 'कधीकधी' आणि 'कधीच नाही'. दात घासणे, नेहमी. अंघोळ करणे, नेहमी. कपडे घालणे, जेवणे, नेहमी. चार खुणा एकाखाली एक इतक्या सरळ आल्या, की भाऊसाहेबांना स्वतःचंच कौतुक वाटलं. पाचवी ओळ होती, 'चहा करणे'.

पेन थांबलं. भाऊसाहेबांचा चहाशी संबंध कप हातात आल्यापासूनचा. त्याआधी तो कुठे असतो, काय करतो, याची त्यांनी कधी चौकशी केलेली नव्हती. खरी खूण जायला हवी होती तिसऱ्या रकान्यात. पण मग रांग वाकडी झाली असती. शिवाय मॅडम बघत होत्या. भाऊसाहेबांनी 'नेहमी'वर खूण केली. एकदा पाय घसरला की माणूस थेट खालीच जातो, याचा त्यांना ताजा अनुभव होता. भाजी चिरणे, नेहमी. भांडी विसळणे, नेहमी. कपड्यांच्या घड्या, नेहमी. अंथरूण-पांघरूण, नेहमी. खाली झोकदार सही.

"अय्या! घरातलं एवढं सगळं तुम्ही करता?" मॅडमनी डोळे मोठे केले. "काकू नशीबवान आहेत हं!"

"माणसानं स्वावलंबी असावं," भाऊसाहेब म्हणाले. आपला आवाज किती थोर वाटतो, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

तीन आठवडे बरे गेले. भाऊसाहेब वॉकर घेऊन वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले, चार पायऱ्या चढू-उतरू लागले. पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर होते, गुडघा बदललेले. त्यांना पायरी म्हटलं की घाम फुटायचा. आणि सोमवारी बघतात तर हे गृहस्थ बॅग भरून बसलेले.

"तुम्हाला सोडलं? अहो, जिना कुठे येतोय तुम्हाला?"

"जिना घेऊन काय करायचंय? घर तळमजल्यावर. आणि मी फॉर्मात खरं तेच सांगितलं. घरी काय करता? काही नाही! खुर्चीत बसतो, टीव्ही बघतो, बायकोनं हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करतो. हे सगळं जमतंय आता. मॅडम म्हणाल्या, पूर्ववत झालात, जा घरी." कंडक्टरांनी खाटेच्या दांडीवर दोनदा टकटक केलं. "डबल बेल, भाऊसाहेब! येतो."

भाऊसाहेबांनी वॉकर उचलला आणि थेट सिस्टरांचं टेबल गाठलं.

"सिस्टर, हे पूर्ववत म्हणजे काय प्रकरण आहे?"

"आजाराआधी घरी जे करत होता, ते पुन्हा जमायला लागलं, की कार्डावर 'पूर्ववत' लिहायचं आणि डिस्चार्ज."

"मग मी झालोच की! चालतो, जिना चढतो."

सिस्टरांनी त्यांचा फॉर्म काढला. "तुमचं कुठे काका? चहा राहिला, भाजी राहिली, भांडी, घड्या, अंथरूण. तारीख धरलीय शनिवारची. मॅडम आधी चहाची परीक्षा घेतील, तो जमला तर बाकीचं घरी चालेल. नाही जमला, तर आणखी तीन आठवडे."

तीन आठवडे! आधीच पाच आठवडे झाले होते घर सोडून. बायको रोज चार ते पाच यायची, आणि पाचला ती दाराबाहेर गेली की उद्याचे चार कधी वाजतात, याची ते वाट बघत बसायचे. तिच्याशिवाय आपल्याला करमत नाही, हे त्यांना लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर कळलं होतं, आणि ते तिला सांगायची हिंमत काही होत नव्हती.

"सिस्टर," त्यांनी आवाज खाली घेतला. "त्या फॉर्मात एक किरकोळ दुरुस्ती होती."

"खाडाखोड चालत नाही, काका. नवीन फॉर्म करावा लागेल. त्यावर घरच्यांची सही लागते, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे शनिवार विसरा."

हेच वाक्य भाऊसाहेबांनी छत्तीस वर्षं काउंटरच्या आतून म्हटलं होतं. बाहेरून ते इतकं वाईट ऐकू येतं, याची त्यांना कल्पना नव्हती. ते गुपचूप खाटेवर येऊन पडले.

मंगळवारी चहाची परीक्षा झाली. वॉर्डाच्या टोकाला सरावासाठी एक स्वयंपाकघर होतं. ओटा, शेगडी, भांडी, डबे, सगळं घरासारखं.

"करा काका, रोजच्यासारखा," मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी पातेलं शेगडीवर ठेवलं, शेगडी पेटवली आणि ठणठणीत कोरड्या पातेल्यात चार चमचे चहा पावडर टाकून ती चमच्यानं हलवायला सुरुवात केली.

"काका, पाणी?"

"नको, आत्ताच प्यायलो."

धूर निघाला तेव्हा मॅडमनीच पळत येऊन पाणी ओतलं. मग भाऊसाहेबांनी पांढरं काहीतरी असलेला डबा ओळखून दोन चमचे घातलं, दूध घातलं आणि कप पुढे केला. मॅडमनी एक घोट घेतला. तो गिळावा की काय करावं, हे त्यांना बराच वेळ ठरवता येईना.

"मीठ आहे हो हे," त्या अखेर म्हणाल्या.

"आमच्याकडे असाच घेतात."

मॅडम रागावल्या नाहीत. त्या हळूच पॅडवर लिहायला लागल्या, आणि तेच वाईट होतं. समोरच्याच्या हातातला कागद उलटा वाचणं ही भाऊसाहेबांची जुनी विद्या. त्यांनी वाचलं: 'रोजच्या कामाचा क्रम विसरले आहेत. साखर-मीठ ओळखत नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवणे.'

बुधवारी सकाळी मेंदूचे डॉक्टर आले. वार, तारीख, महिना, सगळं भाऊसाहेबांनी धडाधड सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत पार खाली आले.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता सांगा, चहात आधी काय घालतात?"

भाऊसाहेब चादरीची सुरकुती सरळ करू लागले.

"रोज करत होतात ना?"

"हो... नेहमी."

"आणि आता आठवत नाही?"

भाऊसाहेबांपुढे दोनच रस्ते होते. एक तर मी खोटारडा आहे म्हणायचं, नाहीतर विसराळू आहे म्हणायचं. "नाही आठवत," ते म्हणाले. या वयात विसराळूपणाला थोडा तरी मान असतो.

लगेच त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेऊन डोक्याचा स्कॅन केला. दुपारी रिपोर्ट आला. "काळजी नको," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या डोक्यात काहीही सापडलं नाही." एवढ्यासाठी मशीन कशाला चालवलं, मला विचारायचं, असं बायको नक्की म्हणाली असती, हे भाऊसाहेबांच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. "उद्या एकदा पुन्हा चहा करून बघू. नाही आठवलं, तर मात्र मुक्काम वाढेल."

चार वाजता बायको आली. भाऊसाहेबांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग छताकडे बघत म्हणाले, "अगं, सहज विचारतो. चहात आधी काय घालतात?"

"कुणाला हवंय?"

"पलीकडच्या खाटेवर एक पेशंट आहे. बिचाऱ्याला काहीच येत नाही."

बायकोनं मान वळवून पलीकडची खाट पाहिली. कंडक्टर गेल्यापासून ती रिकामीच होती. नवी चादर, वर कोरी उशी.

"बिचाऱ्याला बायको नाही का?"

"आहे ना. तीच सगळं करते."

"तरीच," ती म्हणाली. "घ्या लिहून."

भाऊसाहेबांनी लिहून घेतलं, अगदी परिपत्रकासारखं. एक, पाणी. दोन, साखर. तीन, उकळी आल्यावर पावडर.

"आणि साखर कुठली, मीठ कुठलं, हे त्यानं कसं ओळखायचं?"

"चाखून, म्हणावं. जीभ बोलण्याखेरीजही वापरता येते."

गुरुवारी परिपत्रक खिशात ठेवून भाऊसाहेब ओट्यापाशी उभे राहिले. मॅडमची नजर चुकवून दोनदा संदर्भ पाहिला, डबा चाखला, उकळी येऊ दिली. मॅडमनी घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काका, आठवण परत आली हो!"

भाऊसाहेबांनीही घोट घेतला. अडुसष्ट वर्षांत स्वतःच्या हातचा पहिला चहा. बरा झाला होता! आपल्याच पाठीवर थाप मारता आली असती, तर त्यांनी मारली असती.

"आता उद्याच्या मीटिंगमध्ये काकूंना विचारून फक्त खात्री करून घेते," मॅडम म्हणाल्या. "घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय कार्ड होत नाही."

भाऊसाहेबांचा दुसरा घोट चुकीच्या नळीत गेला.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत डॉक्टर, मॅडम, शिक्का घेऊन बसलेल्या सिस्टर आणि समोर भाऊसाहेब व बायको. ती नाही म्हणाली, की संपलं. नवा फॉर्म, पहिल्यापासून तपासणी, तीन आठवडे आणि वर लबाड म्हणून नाव.

"काकू," मॅडमनी फॉर्म पुढे केला, "काका घरी ही सगळी कामं नेहमी करत होते ना?"

बायकोनं चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत एका रेषेत आलेल्या खुणा तिनं सावकाश वाचल्या. झोकदार सही पाहिली. मग चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. भाऊसाहेब वॉकरच्या पायाचं रबर न्याहाळत होते. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण मान वर करवत नव्हती.

"हो," बायको म्हणाली. "सगळं हेच करायचे."

भाऊसाहेबांची मान झटक्यात वर आली.

"खिडक्या पुसायचे, ते तेवढं यात राहिलंय. लिहून घेता का? आणि सकाळचा पहिला चहा मला अंथरुणात आणून द्यायचे." तिनं रुमाल डोळ्यांना लावला. "पाच आठवडे मुकलेय हो मी त्या चहाला."

डॉक्टर चांगलेच हेलावले. त्यांनी कार्डावर लिहिलं, 'रुग्ण पूर्ववत. सर्व घरकामे रोज, खंड न पाडता करणे प्रकृतीस आवश्यक.' मॅडमनी सोबत एक तक्ताही दिला. डावीकडे कामं, वर वार, आणि रोज खूण करायला रकाने.

बायको उठता उठता थांबली. "सिस्टर, तक्त्यावर शिक्का राहिला. शिक्का नसलेला कागद ह्यांना पटत नाही."

शनिवारी टॅक्सीत भाऊसाहेबांनी कार्ड दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

"अगं, खोटं का बोललीस?"

"मी? फॉर्म कुणी भरला?"

भाऊसाहेबांनी खिशातलं कार्ड उगाच चाचपलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "घर खायला उठतं हो. अजून तीन आठवडे एकटीनं काढायचा दम नव्हता माझ्यात. म्हणून म्हटलं हो."

"मलाही करमत नव्हतं," भाऊसाहेब खिडकीला म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

"बरं. त्या पलीकडच्या पेशंटला जमला का चहा?"

"जमला," भाऊसाहेब म्हणाले. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

रविवारी सकाळी जाग आल्यावर भाऊसाहेबांनी मनाशी पक्कं केलं, की आज मांडी दुखते. शेजारी बायको डोळे मिटून स्वस्थ पडली होती. इतकी वर्षं जी त्यांच्याआधी उठायची, ती ढिम्म हलेना. त्यांनी कूस बदलली. पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लागलाय, हे डोक्यातून जाईना. नुसता बघून येऊ म्हणून ते वॉकर घेऊन गेले.

रविवारचा आख्खा उभा रकाना कोरा होता, वर शिक्का मारलेला आणि खाली एक खूण नाही. छत्तीस वर्षांत असा कागद त्यांनी परत पाठवल्याशिवाय ठेवला नव्हता.

भाऊसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि पातेल्यात पाणी ओतलं.

चहा झाला, खूण झाली. आता ती एकटीच विचित्र दिसायला लागली. म्हणून त्यांनी कालची भांडी विसळली आणि दुसरी खूण केली. दोन्ही एका रेषेत आल्या. एवढ्यात आतून हाक आली.

"अहो, चहा थंड होतोय ना? आणि खाली खिडक्यांचा रकाना आहे बरं का. मी हातानं वाढवलाय."

"हातानं वाढवलेला रकाना ग्राह्य धरत नाहीत!" भाऊसाहेब ओरडले.

"बाजूला सिस्टरांचा सही-शिक्का आहे. बघा."

भाऊसाहेबांनी वाकून पाहिलं. होता. त्यांनी कप बायकोला नेऊन दिला आणि परत येऊन फडकं शोधायला लागले.

आतून चहाचा एक लांब भुरका ऐकू आला.

"साखर बरोबर झालीय हं," बायको म्हणाली. "आणि खिडक्यांच्या खालच्याच काचा पुसा. स्टुलाला हात लावू नका. त्यावर सुरक्षित कसं चढायचं, ते मी दाखवीन तुम्हाला."