सरांचा भरगच्च तास

"वर्ग ओस पडतो तो शिक्षकामुळे!" विज्ञानाचे सर स्टाफरूममध्ये छाती फुगवून बोलून बसले. मुख्याध्यापिकाबाईंनी ते नेमकं ऐकलं. सरांच्याच ऑनलाइन तासाला मुलं हजेरी लावून गुल होत होती!

"गुरुवारी मी स्वतः बसणार आहे," बाई म्हणाल्या. "मुलं टिकली नाहीत, तर विषय नव्या मॅडमना."

सर कसले डगमगतात! पोरं दिवसभर सोशल मीडियावर पडीक असतात ना, मग तासही तिथेच! त्यांनी वर्गाचा ग्रुप काढला, बाईंनाही त्यात घेतलं. गुरुवारी घरी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि 'लाइव्ह'चं बटण दाबलं. फोनने विचारलं, तुमच्या पानावर की ग्रुपवर?

"फार चौकशा बुवा!" सरांनी वरचा पर्याय दाबला. तो त्यांच्या स्वतःच्या पानाचा होता. पण सर सूचना देणारे, वाचणारे नव्हेत.

"आज पचनसंस्था!" सर गरजले, आणि प्रश्नांची झुंबड उडाली. 'जेवल्यावर जळजळ का होते?' 'रात्री पोट गुबारतं, काय करू?' सरांना भरून आलं. इतकी जिज्ञासा! पोरं इथे भलभलत्या नावांनी वावरतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे 'एकटा वाघ' बघूनही ते दचकले नाहीत.

एकट्या वाघाने विचारलं, 'ताईच्या हातचं खाल्लं की पोट बिघडतं. भावजींचं कसं निभतं?'

"गाढवा! वर्गाबाहेर उभा राहा! आणि उद्या वडिलांना घेऊन ये!"

स्वयंपाकघरातून बायको माहेरचा फोन कानाला लावूनच तरातरा आली. "अहो, माझ्या भावाला गाढव काय म्हणता? आणि बाबांना कशाला बोलावलंय? ते बॅग भरायला लागलेत!"

सरांनी चष्मा चढवला. हजर होते दोन मेहुणे, मावससासूबाई, गॅसवाला आणि सरांची सगळी सासुरवाडी. विद्यार्थी एकही नाही! गेला विषय, गेली अब्रू!

तेवढ्यात बाईंचा फोन.

"सर, आम्ही ग्रुपवर तुमची वाट बघून दमलो."

"बाई, त्याचं काय झालं..."

"राहू दे हो! शेवटी मुलांनीच एकमेकांना धडा समजावला. चित्रं काय टाकली, भांडली काय! एकही पोर उठलं नाही!"

"म्हणजे विषय माझ्याकडेच?" सरांच्या जिवात जीव आला.

"तुमच्याकडेच! वर्ग शिक्षकामुळे ओस पडतो, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं बघा. फक्त उद्याही आजच्यासारखेच गैरहजर राहा!"