सासूबाई भुयारात उतरल्या

रविवारी सकाळी लोरेदाना फेत्तुचीनेचं, म्हणजे रुंद शेवयांचं, पीठ मळता मळता नवऱ्याला पुन्हापुन्हा बजावत होती, की खाली अंधार असतो, जमीन ओली असते, तेव्हा आईचा हात अजिबात सोडायचा नाही. तार्चीझिओ मान डोलावत होता. हात धरायला त्याची ना नव्हती. प्रश्न हात देणारीचा होता.

त्याच्या सासूबाई, एल्वेत्सियाबाई, वसंत ऋतूपासून त्याच्याशी बोलत नव्हत्या. सासरे नेल्लो गेले तेव्हा सगळी धावपळ तार्चीझिओनेच केली होती. पण रोममध्ये जिवंत माणसाला घर मिळत नाही, तिथे मेलेल्याला कुठून मिळणार? शेवटी दफनभूमीच्या भिंतीत एक कप्पा मिळाला, तोही चौथ्या ओळीत. फुलं वाहायची तर चाकांची शिडी ढकलत आणावी लागे, आणि बाईंचे गुडघे पहिल्याच पायरीला नकार देत. "जन्मभर तळमजल्यावर राहिलेला माणूस," त्या म्हणाल्या होत्या, "जावईबापूंनी त्याला नेऊन ठेवला चौथ्या मजल्यावर. बिनलिफ्टच्या." त्या दिवसापासून अबोला धरला तो धरलाच. मीठ हवं असलं तरी त्या लोरेदानामार्फत मागत, आणि मीठ असायचं तार्चीझिओच्या ताटाशेजारी.

नोव्हेंबर लागला आणि पाद्रीबाबांनी प्रवचनात जुन्या ख्रिस्ती लोकांच्या दफनाच्या भुयारांचं वर्णन केलं. ते बाईंच्या मनाने घेतलं. सारा जन्म रोममध्ये गेला, पण आप्पिया रस्त्याखाली काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या लोकांनी आपली माणसं कुठे ठेवली ते एकदा बघायचंच, असं त्यांनी लेकीला सांगितलं. लोरेदानाला स्वयंपाक होता. उरला जावई.

भुयाराच्या तोंडाशी फादर एर्मेते नावाचा उंच, किडकिडीत वाटाड्या होता. त्याने सगळ्यांची डोकी मोजली, खाली आता जागा शिल्लक नाही, तेव्हा सगळ्यांनी परत वर यावं, असा रोजचा विनोद केला आणि स्वतःच हसला. मग सगळे जिना उतरले. गार हवा अंगावर आली. बाईंनी करड्या कोटाची बटणं लावली, लोकरी टोपी कानांपर्यंत ओढली आणि न बोलता कोपर पुढे केलं. तार्चीझिओने ते धरलं.

दोन्ही अंगांना जमिनीपासून छतापर्यंत दगडात कोरलेले कप्पे होते, एकावर एक. तार्चीझिओचं गाद्यांचं दुकान होतं, त्यामुळे त्याच्या मनात आधी मापं आली; एवढ्या अरुंद जागेत कुशीवर वळायचं कसं, याचा त्याने थोडा वेळ गंभीरपणे विचार केला. बाई मान वर करून वरच्या ओळी बघत होत्या. त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं.

घोळ झाला तो एका वळणावर. समोरून पोलंडच्या यात्रेकरूंचा मोठा जथा आला. बहुतेक म्हाताऱ्या, सगळ्या टोप्या घातलेल्या. बोळ इतका अरुंद, की फादर एर्मेतेने सगळ्यांना भिंतीला पाठ लावून पोटं आत घ्यायला सांगितलं. तार्चीझिओचं पोट एका हाताने आत जाणारं नव्हतं. त्याने सासूबाईंचं कोपर क्षणभर सोडलं, दोन्ही हातांनी पोट दाबलं आणि श्वास कोंडून धरला. जथा घासत, पुटपुटत, माफी मागत निघून गेला. तार्चीझिओने श्वास सोडला, शेजारचं करडं कोपर धरलं आणि पुढे चालू लागला.

सासूबाई गप्प होत्या, पण त्या गप्पच असत. शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं. उलट त्यांनी आज त्याच्या दंडाला घट्ट विळखा घातला होता, आणि अंधारात तार्चीझिओला धीर आला. हलक्या आवाजात तो बोलू लागला. चौथ्या ओळीचं त्यालाही वाईट वाटतं. खालची जागा मिळावी म्हणून तो किती दारं फिरला ते त्याचं त्याला माहीत. नेल्लो रोज संध्याकाळी दुकानात येऊन गादीवर बसायचे आणि गिऱ्हाइकांना भलतेच सल्ले द्यायचे, ती गादी त्याने अजून विकलेली नाही. आणि शेवटी तो म्हणाला, "आई, तुम्ही आमच्याकडे राहायला या. खोली तयार आहे. लोरेदानासाठी नाही म्हणत मी. मलाच घर रिकामं वाटतं."

त्याचा दंड हळूच दाबला गेला. मग पाठीवर दोनदा थोपटलं गेलं. तार्चीझिओचे डोळे भरून आले.

वर उन्हात आल्यावर त्याने हसून शेजारी पाहिलं. निळ्या डोळ्यांची एक अनोळखी म्हातारी त्याच्याकडे बघून मायेने हसत होती.

तार्चीझिओ फादर एर्मेतेकडे धावला. माझी सासू खाली राहिली, असं त्याने सांगितल्यावर फादरने पुन्हा डोकी मोजली. "जितके नेले तितके आणले," तो शांतपणे म्हणाला. तार्चीझिओने म्हातारी दाखवून सांगितलं, की आकडा बरोबर आहे, सासू चूक आहे. मग मात्र फादर खाली पळाला, सगळे बोळ फिरून आला. खाली कोणी नव्हतं. फाटकावरच्या माणसाने सांगितलं, की पोलंडची बस केव्हाच गेली. त्यांच्याही पाद्र्याने डोकी मोजली होती, आणि तीही बरोबर भरली होती.

सासूबाईंकडे मोबाइल होता, पण तो झिजू नये म्हणून त्या तो कपाटात ठेवत. पाहुणीच्या गळ्यात कार्ड होतं, त्यावर फक्त तिचं नाव: बोगुमिला. तार्चीझिओने आणि फादरने ते आळीपाळीने वाचलं. मग दुपारच्या जेवणासाठी फाटक बंद झालं, फादर आपला नंबर देऊन गेला, आणि बोगुमिलाबाई आपणहून मोटारीत जाऊन बसल्या.

लोरेदानाने दार उघडलं.

"आई कुठेय?"

"आई," तार्चीझिओ म्हणाला, "पोलंडकडे आहेत."

लोरेदानाने दोघांकडे नीट पाहिलं. तिने नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. त्याचा अर्थ पुढे पुष्कळ विचारायचं आहे असा होता. तिने पाहुणीला खुर्ची दिली, गळ्यातलं कार्ड हातात घेतलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला इटालियन भाषेत यात्रेकरूंच्या उतारगृहाचा पत्ता आणि फोन छापलेला होता. फोन सारखा गुंतलेला लागत होता. लोरेदानाने चुलीवरचं पाणी बंद केलं आणि तिघं मोटारीने निघाली.

उतारगृहाच्या जेवणघरातून एकसुरी प्रार्थना ऐकू येत होती. दारात पोचल्यावर तार्चीझिओने पाहिलं, तर पूर्ण जथा ताटांपुढे जपमाळा घेऊन बसला होता, आणि मधोमध सासूबाई, टोपी काढलेली, डोळे लाल. जथ्याने त्यांना आपल्यातलीच समजून धरून वर आणलं आणि बसमध्ये चढवलं होतं, आणि बसताक्षणी त्यांचा डोळा लागला होता. अर्ध्या वाटेवर जाग आली तेव्हा त्यांनी आकांत मांडला होता. त्या हरवल्या आहेत हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. हरवला होता तार्चीझिओ. म्हणून तर जथ्याचा पाद्री भुयाराच्या बंद कचेरीला सारखा फोन लावत होता, आणि बिटाचं लाल सार निवत पडलं होतं.

बोगुमिलाबाईंनी त्याला हात धरून आत नेलं आणि पोलिश भाषेत काहीतरी जाहीर केलं. सारं जेवणघर उठून टाळ्या वाजवू लागलं. एका म्हातारीने त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली, दुसरीने त्याचे हात गार पडलेत का ते पाहिलं.

पाद्री लगबगीने पुढे आला. "देवाची कृपा," तो सुरेख इटालियनमध्ये म्हणाला. "तुमच्या आईंनी रडून रडून आम्हा सगळ्यांना रडवलं. सारखं एकच, माझा मुलगा खाली अंधारात राहिला."

"सासूबाई आहेत त्या माझ्या," तार्चीझिओ म्हणाला.

पाद्री गोंधळला. सगळे एल्वेत्सियाबाईंकडे बघू लागले. लोरेदानाही. बाईंनी सावकाश नाक पुसलं, रुमालाची घडी घातली, आणि शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली.

"बस इथे. तोंड केवढंसं झालंय," वसंतानंतर त्या पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होत्या. "या लोकांना आपली भाषा येत नाही ना. जावई हे हातवारे करून कसं सांगायचं? मुलगा सोपं पडलं."

पाद्र्याने काही बोलायला तोंड उघडलं. तार्चीझिओने त्याच्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली, खुर्चीवर बसला आणि मुकाट्याने सार प्यायला लागला.