शंकरप्पा गच्ची वाळवतो

"अख्ख्या पेठेत एकच छत गळणार न्हाय, ते माझं!" शंकरप्पा ज्याला त्याला सांगत सुटला होता. बाकी सगळ्यांची मातीची माळवदं. याच्या घरावर मात्र सिमेंटची गच्ची! सोलापुरात तेव्हा सिमेंट म्हणजे नवलाईच.

त्याचा सारा जीव अडकला होता तो बायकोत. गेल्या पावसाळ्यात अंथरुणावर धार लागली, तशी नागम्मा अक्कलकोटला माहेरी गेली. "छत गळायचं थांबलं की येते," असा तिचा निरोप. आता अक्षय्य तृतीयेला ती येणार होती!

गच्ची ओतून झाली. गवंडी तिप्पण्णानं वर ओली गोणपाटं पसरली. "मालक, ही काढू नका. रोज पाणी मारा," असं बजावून तो मोहोळला दुसऱ्या कामावर गेला.

छतावर पाणी! माळवदाखाली जन्म काढलेल्या माणसाला हे पटावं कसं? पाणी मुरलं की छत बसलं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं गोणपाटं ओढून काढली, खराट्यानं पाणी लोटलं आणि गच्ची चैत्राच्या उन्हात कुरडयांसारखी वाळत घातली!

मग जिन्याच्या सावलीत टेकला. डोळे जडावले. चांदणं पडलंय, गच्ची दुधासारखी दिसतेय, नागम्मा अनवाणी फिरतेय आणि म्हणतेय, "किती गार हाय हो!" त्याला इतकं गोड वाटलं की घाम पुसायचीही शुद्ध राहिली नाही.

जाग आली ती शेजारच्या फुलाबाईच्या हाकेनं. "शंकरप्पा, भेगाळलं की सारं! ज्वारी पेरताय व्हय?"

तो ताडकन उठला. या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगाच भेगा! पुढे गच्चीखालचे टेकू निघाल्यावर त्यानं बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तर खाली थेट देवघरात टपटप! नागम्मा तर उद्यावर आलेली. शेवटी त्यानं तेच केलं, जे त्याच्या बापानं आणि आज्यानं केलं होतं. पेठेतल्या पहिल्या सिमेंटवर पांढरी माती पसरून चोपली.

नागम्मा संध्याकाळी वर आली.

"सिमेंट कुटं हाय?"

"खाली हाय की! ऊन लागू नये म्हणून झाकलंय."

"मग भेगा पडायच्या आदी झाकायचं न्हाय व्हय?" फुलाबाई तिला दारातच भेटली होती.

शंकरप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नागम्माला हसू आवरेना. तिनं वळकटी सोडली. "पाऊस येस्तवर ऱ्हाते. मग बगू."

त्या साली सारं सोलापूर पावसासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं. एकटा शंकरप्पा आभाळाकडे बघत ग्रामदैवताला हळूच म्हणायचा, "सिद्धरामा, यंदा ऊन जरा लांबू दे!"