सात नंबरची पानं

फळसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञसाहेबांकडे दोन झाडं सोपवलेली होती. सात नंबरच्या बुंध्याशी बहर आणणारं औषध ओतलं होतं. आठ नंबरला, तुलनेसाठी, काहीच नाही. औषधाने वाढीचं संप्रेरक घटतं, पानांत पिष्ट साठतं, नत्राच्या मानाने शर्करा वाढते आणि झाडाला फुलण्यावाचून गत्यंतर उरत नाही, असं साहेबांनी प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. झाडाने ते वाचलं नव्हतं, एवढीच उणीव होती.

हे बदल मोजायला साहेब दर सोमवारी सात नंबरची चाळीस पानं तोडून प्रयोगशाळेत नेत. फुलं दिसेनात, तेव्हा सोमवारला गुरुवार जोडला. आठ नंबरच्या तपासणीला मंजुरीच आली नाही, म्हणून ते बचावलं. आलेख मात्र असा चढला की कागदावर सात नंबर ऐन बहरात होतं. बागेत ते खराट्यासारखं उभं होतं, आणि शेजारी आठ नंबर शेंड्यापासून खालपर्यंत फुललं होतं.

"साहेब, फुलायला झाडाला पानं लागतात," माळीकाका म्हणाले.

"हे कुठे छापून आलंय, काका?"

"छापून कुठलं? तीस वर्षं बागेत आहे मी."

"म्हणजे अप्रकाशित," साहेबांनी वहीत नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी मूल्यमापन समिती येणार होती. प्रकल्प फसला तर साहेबांची रवानगी भांडारात, खताच्या गोण्या राखायला. त्यांची पाचावर धारण बसली. दुपारी माळीकाका जेवायला गेलेले पाहून त्यांनी दोन्ही झाडांच्या तारेने बांधलेल्या पाट्या सोडल्या आणि अदलाबदल करून टाकली. बावीस वर्षं विज्ञान शिकून शेवटी कामाला आली ती पक्कड, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

समिती खूश झाली. बोडक्या झाडाकडे बोट दाखवून अध्यक्ष म्हणाले, "बघा, औषधाविना काय दैना होते! आणि हे यश नीट समजून घ्या. सात नंबरची पानं आता रोज तपासा. तसा लेखी आदेश काढतो."

साहेबांनी खरं सांगायला तोंड उघडलं. गोण्या आठवल्या. "जी," म्हणून ते मिटलं.

सकाळी माळीकाका कात्री घेऊन उभे होते. पाटीकडे त्यांनी नुसतं पाहिलं. "पोटच्या पोरासारखं वाढवलंय हो हे."

साहेबांना गलबलून आलं. स्वतःची लाजही वाटली. पण आदेश लेखी होता.

"चाळीस," ते पुटपुटले.

महिन्याभरात फुलं गळून गेली. आलेख उत्तम आहे. जुन्या सात नंबरला, आता त्याच्याकडे कुणी बघत नसल्यामुळे, पालवी फुटली आहे.

हसताय? हसा. तुमच्याही घरी एखादं सात नंबरचं असेल, दप्तर पाठीला लावून चौथ्या शिकवणीला निघालेलं. या आठवड्यात त्याच्या किती चाचण्या झाल्या, तेवढं कळवा. साहेबांना आकडे कमी पडताहेत.