ऑस्ट्रियातली पहिली आंघोळ

सुहासिनीने बॅगेत ठेवलेला गुलाबी प्लॅस्टिकचा मग गुरुदत्तांनी तिसऱ्यांदा बाहेर काढला.

"अहो, दिवाळीची पहिली आंघोळ तिथंच येतेय. लागेल तो."

"ऑस्ट्रियाला चाललोय आपण, हावड्याच्या वेटिंग रूममध्ये नाही. किल्ले, द्राक्षांचे मळे आणि जमिनीतून येणारं ऊन पाणी. कुंडच्या कुंड भरलेलं असताना हा कशाला?"

गुरुदत्त खिदिरपूर गोदीत कस्टम्सचे अधिकारी. बावीस वर्षं लोकांचं सामान उघडण्यात गेल्यामुळे कुठल्या बॅगेत काय असावं हे आपल्यालाच कळतं, असा त्यांचा ठाम समज होता. कोलकात्याच्या दमट हवेत सुहासिनीचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा हंगेरीच्या सीमेलगतचा हा आडबाजूचा जिल्हाही त्यांनीच शोधून काढला. नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी आंघोळ न करणारा नरकात जातो, असं त्यांची आई सांगे. छप्पन्न वर्षांत त्यांनी हा धोका एकदाही पत्करला नव्हता.

हॉटेलच्या न्हाणीत नुसता शॉवर होता. "याच्याखाली कसलं अभ्यंग होतंय?" गुरुदत्त म्हणाले. "कुंड सहाला उघडतं, सूर्य साडेसहाला उगवतो. वेळच वेळ आहे."

चतुर्दशीच्या सकाळी नखशिखांत तीळतेल चोळून, वर उटणं थापून आणि हॉटेलचा पांढरा झगा पांघरून ते कुंडावर हजर झाले. तिथल्या पोरीने इंग्रजीत सांगितलं, "आधी साबणाने आंघोळ करा, मग पाण्यात उतरा."

"अगं बाई, आंघोळीलाच तर आलोय. आंघोळीआधी आंघोळ कशाला?"

"नियम आहे."

साबण लावला की तेल जाणार, मग अभ्यंग कसलं उरणार? पोरगी वळताच गुरुदत्त झगा टाकून गळ्यापर्यंत पाण्यात शिरले. बघता बघता तेलाचा तवंग पार पलीकडच्या काठाला जाऊन भिडला आणि भोवतालचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. काठ्या टेकत आलेली सहा म्हातारी माणसं जागीच थबकली. पोरीने शिट्टी फुंकली आणि गुरुदत्तांना बाहेर काढलं.

"कुंड उपसावं लागेल. दुपारपर्यंत बंद." तिने दोन पानी फॉर्म पुढे केला. "पाण्यात गेलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहा. सही होईपर्यंत इथून हलायचं नाही."

"फक्त डोकं भिजवायचं राहिलंय हो. एक मिनिट."

"नियम म्हणजे नियम."

हेच वाक्य गुरुदत्त गोदीत रोज चारचौघांना ऐकवत. ते ऐकायला इतकं वाईट वाटतं, हे त्यांना आज कळलं. तीळतेल झालं, आंबेहळद झाली, पण नागरमोथ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. तेवढ्यात किल्ल्यामागून सूर्य वर आला. डोक्याला पाणी लागलंच नव्हतं. वर सुहासिनीच्या गुडघ्यांसाठी निवडलेलं कुंडही आपणच बंद पाडलं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात सुहासिनी आली. केस ओले, कपाळावर कुंकू.

"तुझी आंघोळ?"

"पाचलाच झाली. खोलीत वाइन थंड करायची बादली होती ना, तिच्यात नळाचं कढत पाणी काढलं. गुडघेही छान शेकून निघाले."

"आणि अंगावर कसं घेतलंस?"

तिने पिशवीतून गुलाबी मग काढून समोर ठेवला. गुरुदत्तांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा तर मी माळ्यावर टाकला होता."

"हो. मी साडीच्या घडीत ठेवला. विमानतळावर तुम्ही नुसतं कुलूप ओढून पाहिलंत." ती त्यांच्याजवळ बसली. "चला, लवकर सही करा. खोलीत पाणी मी घालते."

फॉर्मवर शेवटचा रकाना उरला होता. 'आणखी काही जाहीर करायचं आहे का?'

गुरुदत्तांनी तो गुलाबी मग हळूच झग्याखाली सरकवला, 'नाही' असं लिहिलं आणि सही केली.